कॉलेजच्या नाटकाची निवड चाचणी: आठवी-नववीपासूनची तयारी

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या कॉलेजांत एकांकिकांची गडबड सुरू होते. फळ्यावर कागद लागतो किंवा ग्रुपवर निरोप फिरतो: ऑडिशन, दुपारी चार, हॉल. अकरावीचे प्रवेश तोवर लांबलेलेच असतात. नवी मुलं वर्गात नीट बसायच्या आधीच त्या हॉलबाहेर रांगेत उभी राहतात, आणि त्यांतली निम्मी आदल्या रात्री मोबाइलवर बघून पाठ केलेलं स्वगत घेऊन आलेली असतात.

मी काही वर्षं त्या हॉलमध्ये, निवड करणाऱ्यांच्या टेबलाच्या मागे बसलो आहे. आता रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर काम करतो. हे लिहितोय ते अशा मुलांच्या आईबाबांसाठी, शाळेत स्नेहसंमेलन बसवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि कोणी नववीतला स्वतः वाचत असेल तर त्याच्यासाठीही.

आधी त्या खोलीत काय होतं ते समजून घ्या

मुलगा आत येतो. नाव, वर्ग सांगतो. दीड-दोन मिनिटांचा उतारा करून दाखवतो. बाहेरच्यांना वाटतं, झाली चाचणी. खरं तर ती इथून सुरू होते. दिग्दर्शक म्हणतो, "छान. आता हेच परत कर, पण समोरचा माणूस बहिरा आहे असं समज." किंवा "हेच बसून कर, हात न हलवता." मग हातात संहितेचं एखादं पान देतात आणि समोरच्याबरोबर वाचायला सांगतात. शेवटी चार-पाच जणांना एकत्र उभं करून एखादा प्रसंग देतात.

पहिल्या वेळी मुलाने काय केलं ते त्याच्या शिक्षकाचं असू शकतं, मोबाइलचं असू शकतं. दुसऱ्या वेळी जे होतं ते त्याचं स्वतःचं. तालीम पुढे दीड-दोन महिने चालणार असते, त्यामुळे सांगितलेलं ऐकून बदल करता येतो का, हे दिग्दर्शकाला बघायचं असतं.

हे मला कळत असूनही मी एकदा माती खाल्ली होती. नववीतल्या एका मुलीला एका स्पर्धेसाठी मी उतारा असा बसवून दिला की कुठल्या शब्दाला मान वळवायची, कुठे पदर सावरायचा, सगळं ठरलेलं. घरी आरशासमोर दोनशे वेळा केलं असेल तिने. परीक्षक म्हणाले, "शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय, आता सांग." तिने आवाज खाली आणला आणि दुसऱ्या वाक्याला सगळं विसरली. हात, मान आणि शब्द मी एकाच दोरीत ओवले होते. एक मणी हलवला आणि माळच सुटली. चूक तिची नव्हती. तेव्हापासून मी मुलांना हातवारे बसवून देत नाही.

आठवी: रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन

ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून कोणी करत नाही. पाठांतराची सवय शाळेत लागते. पण समोर आलेलं अनोळखी पान पहिल्यांदाच नीट वाचता येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि निवडीत अडखळणारी बहुतेक मुलं तिथेच अडखळतात.

वर्तमानपत्राचा अग्रलेख, एखादी कथा, भावाचं सामान्यज्ञानाचं पुस्तक, काहीही चालेल. बोट ओळीवर ठेवायचं आणि डोळे बोटाच्या चार-पाच शब्द पुढे. वाक्य संपत आलं की शेवटचे दोन-तीन शब्द डोळ्यांनी उचलायचे, मान वर करायची आणि ते समोरच्याकडे बघत म्हणायचे. समोर आजी असेल तर उत्तम. आजी "काय म्हणालास?" असं विचारते, यंत्र विचारत नाही.

नाटकं वाचायची तर नाशिककरांना सबब नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. एकांकिकांचे संग्रह तिथे मागा, महिन्याला एक घरी आणा आणि जेवण झाल्यावर घरातल्यांनी पात्रं वाटून घेऊन वाचा. बाबांना बाईचं पात्र आलं की हसू होतं, पण त्या हसण्यात मूल टायमिंग शिकतं.

वाक्याची शेपटी

या एका गोष्टीवर मी वर्गात सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. "मी उद्या त्यांच्या घरी जाणार नाही." यातला "नाही" गिळला की अर्थ उलटा झाला! मुलं वाक्याची सुरुवात जोरात करतात आणि शेवटाला येईपर्यंत श्वास संपतो, मान खाली जाते, शेवटचा शब्द छातीत राहतो. प्रेक्षकाला "मी उद्या त्यांच्या घरी" एवढंच मिळतं. टेबलामागे बसून दिवसभर असली बिनशेपटीची वाक्यं ऐकली की डोकं दुखतं.

उपाय असा. उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द वहीत उतरवून घ्या: आहे, नाही, गेला, सांगू नकोस, येशील? पहिल्यांदा फक्त हे शब्द क्रमाने म्हणायचे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला. गंमत म्हणजे नुसत्या शेवटांतूनही भांडण कुठे वाढलं ते कळतं. मग पूर्ण वाक्य, पण श्वास शेवटच्या शब्दासाठी राखून. आठवडाभर केलं की ओरडायची गरजच उरत नाही.

उच्चारांबद्दल थोडं. आमच्याकडे सटाणा, मालेगावकडची मुलं येतात, घरात अहिराणी. काळ्याचं "काया" आणि डोळ्याचं "डोया" होतं. शिक्षक याला चूक म्हणून हसतात, तसं करू नये. ती वेगळी बोली आहे. मुलाला दोन्ही यायला हवं: प्रमाण मराठीचं पान आलं तर "ळ" स्पष्ट, आणि उताऱ्यांपैकी एक स्वतःच्या बोलीत. बोलीतल्या उताऱ्यात ही मुलं एकदम मोकळी होतात. खांदे उतरतात, हात आपोआप हलतात. टेबलामागच्या माणसाला हा फरक लगेच दिसतो.

मुलांचा आवाज फुटतो तेव्हा

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एका सप्तकाने खाली येतो. ते होईपर्यंत वाक्याच्या मध्येच चिरकतो. मुलगा लाजतो, गप्प होतो किंवा मुद्दाम घोगरा आवाज काढतो. दोन्ही वाईट. त्याला सांगा की हे सहा-आठ महिने, कधी वर्षभर चालेल आणि त्या काळात आरडाओरड्याच्या भूमिका, घोषणा, कबड्डीच्या मॅचला किंचाळणं टाळ. तोंड मिटून मधल्या पट्टीत हळू गुणगुणणं, पाणी आणि पुरेशी झोप एवढं पुरतं. आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. हळद-दुधावर थांबू नका. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, फक्त तो चिरकत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

नववी: उतारा कुठला निवडायचा

आपलं गाव तात्यासाहेब शिरवाडकरांचं, त्यामुळे नाशिकमध्ये दर चाचणीत किमान तीन मुलं ‘नटसम्राट’मधलं स्वगत घेऊन येतात. १९७० सालचं ते नाटक एका निवृत्त, थकलेल्या नटाचं आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने कंबरेत वाकून, आवाज कापरा करून ते म्हटलं की टेबलामागच्यांना ऐकू येतात ते आधी ऐकलेले मोठे नट. मूल दिसतच नाही. ते नाटक वाचा, बघा. चाचणीला नेऊ नका.

निवडताना मी हे बघतो. पात्राचं वय मुलाच्या आसपास, फार तर चार-पाच वर्षं पुढेमागे. लांबी दीडशे ते दोनशे शब्द. नीट बोललं तर दीड मिनिट होतं. हे पात्र कोणाशी तरी बोलत असावं, हवेत तत्त्वज्ञान सांगत नसावं. त्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असावं: पैसे, माफी, परवानगी, कबुली. आणि मधे कुठेतरी वळण असावं, म्हणजे सुरुवातीला जे वाटत होतं ते शेवटी तसंच राहू नये. रडतच सुरू होणारा उतारा घेऊ नका. पुढे जायला जागाच राहत नाही.

दोन उतारे तयार ठेवा. एक गंभीर, एक हलका. नाशिकची मुलं घरी उत्तम टिंगल करतात आणि स्टेजवर येताच गंभीर होऊन बसतात, याचं मला कोडं आहे. हलका उतारा ज्याला जमतो तो पटकन लक्षात राहतो.

मोठा प्रवेश कापून उतारा करायचा असेल तर दुसऱ्या पात्राची वाक्यं काढताना त्यांची जागा मोकळी ठेवा. तिथे मुलाने खरंच ऐकायचं आहे. आणि पूर्ण नाटक वाचल्याशिवाय उतारा पाठ करायचा नाही, हा आमच्या वर्गातला एकमेव कडक नियम आहे. "या पात्राचे वडील काय करतात?" असं विचारलं आणि मूल गोंधळलं, तर ते पाठांतर करून आलंय हे कळतं.

एका वाक्यावर काम

उतारा हाताने वहीत उतरवा. झेरॉक्सवर काम होत नाही; हाताने लिहिताना कुठला शब्द उगाच वाटतो, कुठला टोचतो, ते कळतं. मग प्रत्येक दोन-तीन वाक्यांशेजारी लिहा: समोरचा कोण, मला काय हवंय, ते मिळालं का.

उदाहरण घेऊ. वाक्य अगदी बिनमहत्त्वाचं: "आई, मला आज डबा नको."

पहिल्यांदा मुलगी हे जसं येईल तसं म्हणते. मग मी परिस्थिती देतो. रोज भेंडी असते म्हणून तू चिडली आहेस. परत. आता आई रात्रपाळी करून आत्ताच सातपूरहून आली आहे आणि तिचा डोळा लागला आहे. परत. आता तुला माहीत आहे की घरातलं पीठ संपलंय आणि आईला ते तुला कळू द्यायचं नाहीये. इथे वर्ग गप्प होतो. मुलगी बहुतेक वेळा आवाज वाढवत नाही, उलट सहजपणे, दप्तराची चेन लावता लावता म्हणून टाकते. दप्तर नसतंच, पण हात चेन लावत असतात. ते मी सांगितलेलं नसतं. परिस्थितीच हाताला काम देते.

पाठ झालेल्या उताऱ्याला दर रविवारी असं एक वळण द्या. बहिरा माणूस, लिफ्टमध्ये अडकलेली दोघं, खेळता खेळता, भांडी घासता घासता, फोनवर. महिन्याभरात शब्द हातवाऱ्यांपासून सुटे होतात आणि परीक्षकाने काहीही सांगितलं तरी मूल घाबरत नाही. आरसा मात्र बंद. आरशात मूल स्वतःला बघतं आणि समोरच्या पात्राला विसरतं. व्हिडिओ पंधरा दिवसांतून एकदा ठीक, तोही आवाज बंद करून शरीर बघायला आणि नंतर पडदा झाकून नुसता आवाज ऐकायला.

उत्स्फूर्त प्रसंग

इथे हुशार मुलं मार खातात. त्यांना स्वतःचा विनोद करायचा असतो. आम्ही नेहमी गोदावरीच्या पुराचा प्रसंग देतो, कारण पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं यावरून पूर मोजायची सवय इथल्या घराघरात आहे. दोन मुलं पुलावर उभी. एक म्हणाला, "पाणी मारुतीच्या कमरेला लागलंय, काकांची टपरी गेली." दुसरा म्हणाला, "कुठे काय, ऊन पडलंय की!" वर्ग हसला आणि प्रसंग तिथेच मेला. पहिल्याने पूर आणला होता, टपरी आणली होती, काका आणले होते. दुसऱ्याने सगळं पुसून टाकलं.

सराव साधा आहे. समोरच्याने जे सांगितलं ते खरं मानायचं आणि त्यात एक गोष्ट घालायची. "टपरी गेली." "गल्ला काढला होता का त्यांनी?" बस्स, आता प्रसंगाला पाय फुटले. दोन मिनिटांत तीनदा गप्प राहून ऐकलं नाही तर परत करायचं, असा नियम लावा.

नाटकं बघणं आणि नाटकामागे राबणं

कालिदास कलामंदिरात व्यावसायिक नाटक येतं, त्याचं तिकीट घरच्या बजेटला जड पडतं. पण हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावर होते तेव्हा तिकीट नाममात्र असतं, आणि चांगलं-वाईट दोन्ही बघायला मिळतं. वाईट नाटक मुलांना फार शिकवतं. काम एकच द्या: बोलणाऱ्याकडे बघू नका, गप्प असलेल्या नटाकडे दहा मिनिटं बघा. तो ऐकतोय की स्वतःच्या वाक्याची वाट बघतोय, हे मुलांना पहिल्याच दिवशी ओळखता येतं. घरी येताना रिक्षात त्यावर बोला.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलाला एकदा तरी पडद्यामागचं काम द्या. प्रॉपर्टीची यादी, वही धरून चुकलेलं वाक्य पुरवणं, प्रकाशाच्या खुणा. निवडीच्या वेळी "आणखी काय येतं?" असं विचारतातच. तबला, शिवणकाम, सुतारकी, सायकल, काहीही खरं असेल ते सांगावं.

दहावी

बोर्डाच्या वर्षात नवं काही नाही. रोजचं पंधरा मिनिटांचं वाचन तेवढं ठेवा, तेही धड्याचं चालेल. मार्चमध्ये परीक्षा संपली की मे अखेरपर्यंत भरपूर वेळ मिळतो. दोन्ही उतारे तेव्हा काढा, नसतील आवडत तर बदला.

याच सुट्टीत शिबिरांच्या जाहिराती येतात. पैसे भरण्याआधी जाऊन एक तालीम बघू द्या म्हणा. मालिकेत काम देतो म्हणणाऱ्याकडे, फोटोंच्या अल्बमसाठी आधी पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. मुलांना एकटं कोणाच्या फ्लॅटवर चाचणीला पाठवू नका. तालीम शाळेत, कॉलेजात किंवा सार्वजनिक हॉलमध्ये असावी, सुटायची वेळ ठरलेली असावी आणि परत कोण आणणार हेही. हे सांगताना संकोच वाटतो, पण चांगला दिग्दर्शक या प्रश्नांवर कधीच रागावत नाही.

चाचणीचा दिवस

साधे कपडे, ज्यात जमिनीवर बसता येईल. केस डोळ्यांवर नकोत. बांगड्या, साखळ्या वाजणार नाहीत असं बघा. दुपारी मिसळ खाऊन जाऊ नका; अनुभवाने सांगतोय. अर्धा तास आधी पोचा आणि रांगेत दुसऱ्यांचे उतारे ऐकून स्वतःचा बदलू नका.

आत गेल्यावर नाव, वर्ग, उतारा कशातला, एवढं एका श्वासात न उरकता सांगायचं. परीक्षकाच्या डोळ्यांत बघून उतारा करू नका, त्याला लिहायचं असतं. त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर एक जागा धरा आणि पात्राला तिथे उभं करा. विसरलात तर "सॉरी" नको. थांबा, श्वास घ्या, आधीच्या वाक्यापासून घ्या. सूचना कळली नाही तर विचारा. "म्हणजे तो बहिरा आहे हे मला माहीत आहे का?" असा प्रश्न विचारणारं मूल मला नेहमी आवडलं आहे.

पुढची दारं

कॉलेजचं नाटक म्हणजे शेवट नाही आणि घाईही नाही. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून, लोकसत्ता लोकांकिका २०१४ पासून. या स्पर्धांसाठीच कॉलेजांचे संघ उभे राहतात. नाटक शिकायचंच असेल तर बारावीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाच्या नाट्य अकादमीला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला आधी पदवी लागते. म्हणजे आज नववीत असलेल्या मुलाकडे सहा-सात वर्षं आहेत. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी संस्थेकडूनच वाचा.

यादी साधारण दोन दिवसांत लागते. नाव नसेल तर त्या संध्याकाळी मुलाला काही समजवायला जाऊ नका, जेवू घाला. दुसऱ्या दिवशी तालीम सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी त्याने हॉलवर जावं आणि विचारावं, "दादा, वही धरायला कोणी आहे का?" बहुतेक तालमींत कोणी नसतं.